एअर रायफलचा गंज: काढायचा कसा आणि मे महिन्यातच अडवायचा कसा

खान्देशात बंदूक गंजली की बोल पावसाळ्याला लावला जातो. पावसाळा दोषी आहेच, पण बहुतेक वेळा सुरुवात त्याच्या आधीच झालेली असते. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळकडे पारा 44-45 वर जातो आणि घरोघरी डेझर्ट कूलर लागतात. बाहेरची हवा ओठ फाटतील इतकी कोरडी, आणि खोलीत मात्र भिंतीवरचं कॅलेंडर ओलसर लागावं एवढा दमटपणा. त्याच खोलीत, कपाटावर, रेक्झिनच्या कव्हरमध्ये रायफल पडलेली असते. आतला स्पंज ओल पितो आणि ती नळीला चिकटवून ठेवतो.

दुसरं कारण घाम. दुपारी मळ्यात डब्यांवर नेम धरायचा आणि बंदूक तशीच कव्हरमध्ये घालायची, ही सवय सगळीकडे दिसते. स्वच्छ पोलाद हवेतली आर्द्रता साधारण 60 टक्क्यांच्या खाली असेल तर फारसं गंजत नाही. घामातलं मीठ लागलं की तो हिशेब मोडतो, कारण मीठ स्वतःच हवेतलं पाणी ओढतं. म्हणून पहिले ठिपके नळीवर बोटांच्या ठशांच्या आकारात उमटतात, तेही जिथे नळी धरून मोडली जाते, म्हणजे छर्रा भरायला खाली वाकवली जाते, तिथेच.

तिसरं कारण मळ्यातली खोली. रावेर-यावलकडे केळीच्या बागेला पोटॅश लागतोच, आणि म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, मिठाचाच चुलत भाऊ. त्याची उघडी गोणी आणि रायफल एका खोलीत ठेवली तर श्रावण संपायच्या आत नळी तांबडी होते. इन्व्हर्टरच्या बॅटरीशेजारचा कोपराही तसाच वाईट, कारण तिच्यातून आम्लाचा बारीक फवारा उडत असतो. संडास साफ करायच्या ॲसिडची बाटली झाकण लावलेली असली तरी तिची वाफ आसपासचं लोखंड खाते. बंदूक या तिन्हींपासून दूर, वेगळ्या खोलीत हवी.

आधी रिकामी, मग उघडी

हात लावण्याआधी बंदुकीत छर्रा नाही आणि स्प्रिंग ताणलेली नाही याची खात्री करा. ताणलेली असेल तर छर्रा घालून वाळूच्या पोत्यात सुरक्षितपणे झाडून मोकळी करा. छर्ऱ्याशिवाय झाडू नका, पिस्टन पुढच्या भिंतीवर आपटतो आणि सील फुटतं. नळी मोडून, स्प्रिंग ताणलेल्या अवस्थेत ब्रीचमध्ये, म्हणजे छर्रा घालतात त्या नळीच्या मागच्या तोंडात, बोट घालून पुसणं हा मूर्खपणा आहे. घोडा सुटला तर नळी झटक्यात मिटते आणि बोट तुटतं. स्प्रिंग काढायला प्रेस लागतो; तो नसेल तर मागचा ब्लॉक किंवा पिन उघडूच नका.

पीसीपी, म्हणजे आधी दाबाने हवा भरून ठेवायची बंदूक, असेल तर वेगळा विचार करायचा. तिच्या सिलेंडरमध्ये 200 बारच्या आसपास हवा असते. तिचे जोड आणि व्हॉल्व भरलेल्या अवस्थेत कधीही खोलू नयेत. सिलेंडरवर बाहेरून खड्डे पडलेले दिसले तर घासून गुळगुळीत करायच्या फंदात पडू नका. तिथली भिंत पातळ झालेली आहे. हवा सोडून द्या आणि जाणकार मेकॅनिकला दाखवल्याशिवाय परत भरू नका.

गंज बघायचा तर दस्ता उतरवावा लागतो. नेहमीच्या ब्रेक-बॅरलला, म्हणजे नळी मोडून भरायच्या बंदुकीला, पुढे दोन्ही बाजूंना एकेक स्क्रू आणि ट्रिगर गार्डला एक किंवा दोन. पेचकसाचं पातं खाचेत घट्ट बसणारंच घ्या, नाहीतर स्क्रूचं डोकं खराब होतं आणि पुढच्या वेळी तो निघतच नाही. अडलेल्या स्क्रूवर आत शिरणाऱ्या तेलाचा (पेनिट्रेटिंग ऑइल) एक थेंब सोडा, रात्रभर ठेवा, सकाळी पेचकस खाचेत उभा धरून मुठीवर हातोडीचे दोन हलके टोले द्या आणि मग फिरवा. तेल लाकडावर ओघळू देऊ नका, तो डाग निघत नाही.

दस्ता निघाला की खरी गोष्ट दिसते. वरून चकचकीत असलेली बंदूक खालून, लाकडाच्या खोबणीत टेकलेल्या भागावर, तांबडी निघते. खोबणीत बहुतेक वेळा पॉलिश मारलेलं नसतं. कच्चं लाकूड पावसाळ्यात पाणी धरतं आणि महिनोन्‌महिने लोखंडाला लावून बसतं. शिवाय बघायच्या जागा या: कॉकिंग आर्मचा (नळी मोडताना स्प्रिंग ताणणाऱ्या दांड्याचा) सांधा आणि तो सरकतो ती लांब फट, मागच्या साइटचे (नेम धरायच्या खाचेचे) स्क्रू आणि स्प्रिंगपट्टी, स्कोप (नेमाची दुर्बीण) बसतो त्या खाचा, ब्रीचचं तोंड आणि नळीचं पुढचं तोंड.

पांढऱ्या कपड्याला दोन थेंब तेल लावून सगळीकडून फिरवा. कपडा केशरी झाला पण खालचं काळं पॉलिश शाबूत असेल तर गंज वरवरचा आहे, अर्ध्या तासाचं काम. तपकिरी खपली हाताला लागत असेल तर एक रात्र लागेल. खपलीखाली नख अडकत असेल तर खड्डा पडलेला आहे, आणि खड्डा कशानेच भरत नाही. गंज मारून त्याला तिथेच थांबवायचं. खड्डा घालवायला आजूबाजूचं लोखंड घासून खाली आणणारे लोक नळीचा आकार घालवतात आणि दिसायला ती आणखीच वाईट होते.

नळीवरचं काळं पॉलिश म्हणजे काय

हे समजलं नाही तर पुढचं सगळं उलटं होतं. ते काळं-निळं पॉलिश म्हणजे रंग नव्हे. ब्लूइंग म्हणजे लोखंडाचाच एक काळा ऑक्साइड, मॅग्नेटाइट, केसाहून कितीतरी पातळ थर. तांबडा गंजही लोखंडाचाच ऑक्साइड. लिंबू, व्हिनेगर, कोला, संडासचं ॲसिड, गंज काढायची आम्लाची जेल, हे सगळे दोघांत भेद करत नाहीत. गंज जातो आणि काळं पॉलिशही जातं. उघडं पडलेलं पांढरं लोखंड धुतल्यावर तासाभरात नव्याने तांबूस होतं. व्हिडिओत चमकणारी नळी दिसते ती अशीच सोललेली असते. दोन आठवड्यांनंतरची ती कोणी दाखवत नाही.

भांडी घासायची तारेची घासणीही नको, ती ओरखडे पाडते. पॉलिश पेपर, झिरो नंबरचा असला तरी, ब्लूइंगवर नको. गंजावर ऑइल पेंट मारणं तर सगळ्यात वाईट, कारण गंज रंगाखाली शांतपणे पसरत राहतो.

वरचा गंज काढताना

लागणारं सामान थोडंच: 0000 नंबरचं, म्हणजे चार शून्यांचं, स्टील वूल, फर्निचर पॉलिश करणाऱ्यांच्या दुकानात मिळतं. आत शिरणारं तेल, जुन्या बनियनचे किंवा धोतराचे मऊ तुकडे, एक जुना टूथब्रश, हातमोजे. आणि तांब्याची एक चपटी पट्टी. ही मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात फुकट मिळते: जाड वाइंडिंग वायरचा वीतभर तुकडा घ्या, वरचं इनॅमल ब्लेडने खरवडा, टोक हातोडीने ठोकून छिन्नीसारखं चपटं करा. तांबं पोलादापेक्षा मऊ, म्हणून ते खपली उचलतं पण नळीला ओरखडा देत नाही. नाण्याने खरवडा असं जुने लोक सांगत, ते तांब्याच्या पैशाबद्दल होतं. आजचं एक-दोन रुपयांचं नाणं स्टेनलेस स्टीलचं आहे, ते नळीवर रेघ ओढतं.

सुरुवात कोरड्या कपड्याने धूळ पुसण्यापासून. आपल्याकडची काळ्या मातीची धूळ स्टील वूलखाली आली की तिचाच पॉलिश पेपर होतो. मग गंजाच्या जागी तेल भरपूर लावा. वरवरच्या गंजाला दोन-तीन तास पुरतात. खपली असेल तर तेलात भिजवलेला कापूस तिच्यावर ठेवा, वरून प्लास्टिकचा तुकडा गुंडाळा आणि रात्रभर सोडा. घाई इथेच नडते. भिजलेली खपली सकाळी नखानेही सुटते, न भिजलेली खपली काढताना ब्लूइंग सोबत घेऊन जाते.

आता स्टील वूलचा बोराएवढा गोळा तेलात बुडवून नळीच्या लांबीच्या दिशेने फिरवा. दोन बोटांचा हलका दाब, दहा-बारा हात, मग पुसून बघा. तपकिरी चिखल निघेल. तो पुसा, नवं तेल, पुन्हा दहा-बारा हात. कोरडं स्टील वूल कधीच नाही. कडांवर, नळीच्या तोंडाशी आणि अक्षरं कोरलेल्या भागावर ब्लूइंग आधी झिजतं, तिथे स्टील वूल सोडून तेलाचा कपडाच वापरा. पहिला हात दस्त्याखाली झाकल्या जाणाऱ्या भागावर मारून बघितला तर चूक झाली तरी लपते.

जिथे खपली चिकटून बसली असेल तिथे तांब्याची पट्टी साधारण 30 अंशात तिरपी धरून ढकला. खाचांत आणि साइटच्या सांध्यात टूथब्रश. पांढरा कपडा पांढराच निघेपर्यंत पुसत राहा. दुसऱ्या दिवशी परत पुसा. त्याच ठिपक्यातून पुन्हा केशरी आलं तर खड्ड्याच्या तळाशी गंज शिल्लक आहे, त्या ठिपक्याला परत एक रात्र तेल द्या. तीन-चार दिवस हे चाललं तरी वैतागू नका.

गंजातच गंज उकळायचा

सुटे भाग, म्हणजे स्क्रू, साइटचं पान, पट्ट्याच्या कड्या, फारच तांबडे झाले असतील तर जुन्या बंदूकसाजांची एक युक्ती आहे आणि ती अजूनही सरस आहे. तांबडा गंज उकळत्या पाण्यात काळ्या ऑक्साइडमध्ये बदलतो, म्हणजे जो गंज होता त्याचंच थोडंफार ब्लूइंग बनतं.

भाग आधी साबणाच्या पाण्याने धुऊन तेलमुक्त करा. स्टीलचा एक गंज, म्हणजे आपलं पातेलं, घ्या. ॲल्युमिनियमचं नको, आणि जे घ्याल ते परत स्वयंपाकघरात जाऊ देऊ नका. पाणी मात्र इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटरच. बोअरच्या पाण्यातले क्षार भागांवर पांढरे थर सोडतात आणि क्लोराइड असेल तर नवा गंज पेरतात. भाग तारेला टांगून 20 ते 30 मिनिटं खळखळ उकळा. तांबडं काळं पडलेलं दिसेल. चिमट्याने बाहेर काढा. गरम असल्याने पाणी लगेच उडून जातं. गार झाल्यावर 0000 स्टील वूलने हलक्या हाताने वरची काळी मखमल झाडा. खाली घट्ट काळा थर राहतो. कुठे तांबडं शिल्लक दिसलं तर पुन्हा उकळा, नाहीतर लगेच तेलात बुडवून ठेवा.

उकळण्याआधी प्रत्येक भागाला चुंबक लावून बघा. ट्रिगर गार्ड बऱ्याचदा ॲल्युमिनियम किंवा जस्ताच्या मिश्रधातूचं असतं. चुंबक चिकटला नाही तर त्यावर लोखंडाचा गंज नाहीच, जे पांढरट दिसतं ते वेगळं आहे आणि साबणाच्या पाण्याने मऊ ब्रश फिरवला तरी पुरतं. इलेक्ट्रोलिसिसची, म्हणजे पाण्यातून वीज सोडून गंज सोडवायची, पद्धतही सुट्या लोखंडी भागांना चालते, फक्त मेनस्प्रिंग आणि ट्रिगरच्या स्प्रिंग त्यात घालू नयेत. कडक पोलादात हायड्रोजन शिरतो आणि ते ठिसूळ होतं.

पांढऱ्या पडलेल्या जागेला परत काळं करणं

पूर्ण नळी नव्याने ब्लू करायला कारखान्याचं गरम द्रावण लागतं, ते घरचं काम नाही. दोन-चार ठिपक्यांसाठी कोल्ड ब्लू, म्हणजे न उकळता लावायचं काळं करणारं द्रावण, चालतं. त्यात सेलेनियमचं संयुग असतं आणि ते विषारी आहे. हातमोजे घाला, अंगणात बसा, पोरांना लांब ठेवा.

यशाचं गमक एकच, तेल पूर्ण गेलेलं असणं. ॲसिटोनने दोनदा पुसा आणि त्यानंतर तिथे उघडं बोट लावू नका. केसड्रायरने, किंवा मेच्या दुपारी उन्हात पाच मिनिटं ठेवून, धातू कोमट करा. कापसाच्या बोळ्याने द्रावण लावा, 30 ते 60 सेकंद थांबा, ओल्या कपड्याने पुसा, कोरडं करा, स्टील वूलचा एक हलका हात मारा. असं तीन-चार वेळा. मग डिस्टिल्ड पाण्याने नीट पुसून काढा, कारण राहिलेला क्षार आठवड्याने हिरवट-तांबडा फुटतो आणि लोक म्हणतात कोल्ड ब्लू खोटं. शेवटी दाट तेल लावून एक दिवस तसंच ठेवा. रंग मूळ ब्लूइंगइतका टिकाऊ नसतो, हाताच्या जागी वर्ष-दोन वर्षांत परत झिजतो.

नळीच्या आत

एअर रायफलची नळी मऊ पोलादाची असते आणि शिशाचे छर्रे तिला जवळपास झिजवत नाहीत. तिचं नुकसान होतं ते साफ करणाऱ्याकडून. लोखंडी सळई तोंडातून घालून ठोकत बसलं की नळीच्या तोंडाची आतली कड बिघडते, आणि नेम तिथेच जातो.

सळईऐवजी मासेमारीची जाड नायलॉन दोरी दुहेरी करून घ्या. नळी ढिली होईल एवढीच मोडा; स्प्रिंगचा जोर हाताला लागायच्या आत थांबा, आणि दुसऱ्या माणसाला ती तशीच धरून ठेवायला सांगा. दोरी तोंडातून घाला, ब्रीचकडून बाहेर आली की फासात 3 सेंटिमीटर चौरस सुती तुकडा अडकवा आणि तोंडाकडे ओढा. नेहमी ब्रीचकडून तोंडाकडे, छर्रा जातो त्याच दिशेने. बंदुकीचं तोंड खाली ठेवा, म्हणजे काहीही मागे ट्रान्सफर पोर्टकडे (पिस्टनकडून नळीत हवा येते त्या भोकाकडे) ओघळत नाही.

आत गंज असेल तर पहिला तुकडा तपकिरी निघतो. एका तुकड्याला आत शिरणाऱ्या तेलाचे तीन थेंब लावून ओढा, तासभर थांबा, मग कोरडे तुकडे स्वच्छ निघेपर्यंत ओढत राहा. अजून तपकिरी येत असेल तर तुकड्याला धातू चमकवण्याच्या बारीक पेस्टचा ज्वारीच्या दाण्याएवढा ठिपका लावा आणि दहा वेळा ओढा, त्याहून जास्त नाही. ही पेस्ट आतच वापरायची. बाहेर ती ब्लूइंग खाते. पेस्ट आत राहू देऊ नका, तेलाचे दोन तुकडे आणि मग कोरडे पाच-सहा.

कोरडे तुकडे का, हे सांगायलाच हवं. स्प्रिंग रायफलमध्ये पिस्टन हवा क्षणात दाबतो आणि ती हवा इतकी तापते की पेट्रोलियम तेलाचा वाफारा पेटतो. मोठा आवाज, धूर, जळकट वास. हे डिझेलिंग. गावाकडे याला ‘पावर वाढली’ म्हणतात. पावर नाही, पिस्टनचं सील जळतंय आणि स्प्रिंगला उलटा धक्का बसतोय. म्हणून ट्रान्सफर पोर्टमध्ये शिलाई मशीनचं तेल, ग्रीस, स्प्रे काहीही सोडू नये. पीसीपीच्या हवेच्या मार्गात तर पेट्रोलियमचा थेंबही धोक्याचा आहे. तिच्या ओ-रिंगला, म्हणजे रबरी कडीला, फक्त सिलिकॉन ग्रीस.

जुन्या देशी बंदुकीत चामड्याचा वॉशर असतो आणि तो कोरडा पडला की पावर खरंच जाते. त्याला चेंबरसाठीच बनवलेल्या सिलिकॉन तेलाचा थेंब द्यायचा, वर्षातून एखाद-दोनदा, आणि बंदूक तोंड वर करून रात्रभर उभी ठेवायची.

साफ केल्यावर पहिले दहा-पंधरा छर्रे इकडे-तिकडे जातात. नळीत शिशाचा पातळ थर परत बसेपर्यंत असं होतंच, लगेच साइट फिरवू नका. आणि हे सगळं झाल्यावर जेवायच्या आधी हात साबणाने धुवा, तुकड्यांवरचं काळं म्हणजे शिसं आहे.

तेल कोणतं

खोबरेल, शेंगदाणा, तीळ, कोणतंही खाण्याचं तेल नाही. हवेशी संयोग होऊन ते चिकट पिवळं होतं, त्यावर धूळ बसते आणि कालांतराने त्यातून आम्ल तयार होतं. खोबरेल तर थंडीत बाटलीत गोठतं, ते सांध्यातही गोठणार. इंजिनातून काढलेलं काळं तेल फुकट मिळतं म्हणून लावतात. त्यात ज्वलनाचं आम्ल, पाणी आणि धातूचा कीस असतो, म्हणजे गंजावर उपाय म्हणून गंजाचं बी. आत शिरणारा स्प्रे ओल हटवायला उत्तम, पण त्याचा थर काही आठवड्यांत उडून जातो. शिलाई मशीनचं तेल आठवड्याला वापरात असलेल्या बंदुकीवर पुसायला ठीक, चार महिने पडून राहणाऱ्या बंदुकीला अपुरं. तिथे गंजरोधक तेल किंवा वॅक्स लागतं.

हाताला लागणाऱ्या भागांवर वॅक्सच बरं: गाडीचं कार्नौबा पेस्ट वॅक्स, घासणारी पावडर नसलेलं. पातळ थर, पंधरा मिनिटं वाळू द्या, कपड्याने चमकवा, दुसऱ्या दिवशी आणखी एक थर. तेल घामाने पुसलं जातं, वॅक्स बऱ्यापैकी तग धरतं. कॉकिंग आर्मच्या फटीत मोली (मॉलिब्डेनमचं) ग्रीस तुरीच्या दाण्याएवढं, बस.

दस्त्याच्या आतल्या कच्च्या खोबणीला उकळलेल्या जवसाच्या तेलाचे (तयार मिळणारं बॉइल्ड लिनसीड ऑइल) दोन पातळ हात द्या, प्रत्येक हात दोन दिवस वाळवा आणि मगच बंदूक बसवा. त्या तेलाचे बोळे चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना ते स्वतःच तापतात आणि उन्हाळ्यात पेट घेऊ शकतात. दोरीवर पसरून वाळवा किंवा पाण्याच्या डब्यात बुडवा.

मे महिन्याची दुपार आणि पाइपचा तुकडा

खान्देशच्या उन्हाळ्याने एक गोष्ट फुकट दिली आहे, कोरडी हवा, आणि तिचा उपयोग कोणी करत नाही. 42 अंश तापमानाला आणि 15 टक्के आर्द्रतेला एक घनमीटर हवेत जेमतेम 8-9 ग्रॅम पाणी असतं. जुलैत 28 अंश आणि 85 टक्क्यांना तेच 23 ग्रॅम होतं. पण खरा फरक हवेत नाही, लाकडात आहे. किलोभर वजनाचा दस्ता पावसाळ्यात वजनाच्या 15 टक्क्यांच्या आसपास पाणी धरतो, म्हणजे दीडशे ग्रॅम. मेच्या अखेरीस ते निम्म्यावर आलेलं असतं. जुलैत बंदूक हवाबंद डब्यात घातली तर तुम्ही ओलं लाकूडच तिच्यासोबत कोंडता. सिलिका जेलची पुडी त्यापुढे काय करणार? म्हणून बंद करायचीच असेल तर मे संपायच्या आत.

जळगावात पीव्हीसी पाइपचे तुकडे मिळायला तोटा नाही. 160 मिलिमीटरचा पाइप घ्या, बंदुकीच्या लांबीपेक्षा चार बोटं जास्त. स्कोप लावलेला राहणार असेल तर 200 मिलिमीटरचा. आधी दस्त्याची उंची मोजून घ्या. एका टोकाला कॅप सॉल्व्हंटने चिकटवा, दुसऱ्या टोकाला रबर रिंगची काढती कॅप. सॉल्व्हंटचा वास जाईपर्यंत दोन-तीन दिवस तोंड उघडं ठेवा.

बंदूक स्वच्छ करून, धातूवर गंजरोधक तेलाचा पातळ थर देऊन, कूलर नसलेल्या खोलीत दोन-तीन दिवस सावलीत राहू द्या. थेट उन्हात नको, दस्ता तडकतो. मग दुपारी दोन ते चारच्या दरम्यान, हातमोजे घालून, पाइपमध्ये सरकवा. कापडी पिशवीत 100 ग्रॅम सिलिका जेल धातूच्या बाजूला ठेवा आणि कॅप बसवा. जेल नारिंगी जातीचं घ्या, ते ओल प्यायलं की हिरवट होतं. निळ्या जातीत कोबाल्ट असतं, लहान मुलांच्या घरात नको. हिरवं झालेलं जेल ओव्हनमध्ये 110-120 अंशांना दोन तास ठेवलं की परत कामाला येतं. उन्हात कितीही ठेवलं तरी एवढं तापत नाही. पाइप कूलरच्या खोलीत, गच्चीवर किंवा पत्र्याखाली ठेवू नका.

पावसाळ्यातही नेमबाजी चालू असेल तर पाइपचा उपयोग नाही. तेव्हा बंदूक कव्हरशिवाय, भिंतीपासून सुटी, हवा खेळेल अशा कुलूपबंद कपाटात उभी ठेवा. प्रत्येक वापरानंतर, त्याच संध्याकाळी, आधी किंचित ओलसर कपड्याने घाम पुसा, कारण तेल मीठ विरघळवत नाही, पाणी विरघळवतं. मग कोरडा कपडा, मग तीन थेंब तेल लावलेला फ्लॅनेल. सगळं मिळून दोन मिनिटं. आठवडा बंदूक न हलवता गेला तरी एकदा कपडा फिरवा.

थंडीतली एक चूक धुळे-नंदुरबारकडे जास्त होते. पहाटे गार पडलेली बंदूक शेतातून आणून चुलीच्या उबदार खोलीत कव्हरमधून बाहेर काढली की चष्म्यावर येते तशी नळीवर वाफ धरते. ती कव्हरमध्येच तासभर राहू द्या, खोलीच्या तापमानाला आली की काढा आणि पुसा. एसी गाडीतून जुलैच्या दमट हवेत काढलेल्या बंदुकीचंही हेच. आणि मळ्यात नेली म्हणून पक्षी-माकडांवर रोखायची नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात संरक्षित प्राणी-पक्ष्यांची शिकार हा गुन्हा आहे.

राहिला दसरा. शस्त्रपूजेला बंदूक पाटावर येते, तिच्यावर पाणी शिंपडलं जातं, हळद-कुंकवाची ओली बोटं नळीवर ओढली जातात, वर झेंडूची माळ. रात्रभर ती तशीच राहिली की सकाळी कुंकवाखाली गंजाचं बोट उमटलेलं असतं, आणि ते कुंकवाच्या रंगात दिसतही नाही. पूजेआधी धातूवर वॅक्सचा एक हात द्या, गंध-कुंकू दस्त्यावर किंवा पाटावर लावा, माळ बंदुकीच्या पुढे ठेवा, अंगावर नको. सोनं वाटून घरी परत आलात की आधी ओलसर कपडा, मग कोरडा, मग तेल, आणि साइटच्या खाचेत अडकलेला अक्षतांचा दाणा टूथब्रशने काढून टाका.